अष्टमीहून ऐकलेली मालिका

आमच्या घरात टीव्ही बघणं हे काम होतं, करमणूक नव्हे. बाकीच्या घरांत लोक टीव्हीसमोर पाय पसरून बसायचे, मध्येच उठून कुकर बंद करायचे, भांडायचे, हसायचे. आमच्याकडे मालिका सुरू झाली की आई फोडणीसुद्धा थांबवून ठेवायची, कारण मोहरी तडतडली की आप्पांना संवाद ऐकू यायचे नाहीत. रामवाडीतलं घर, हायवे हाकेच्या अंतरावर, डोलवीच्या कारखान्याकडे जाणारे ट्रक दिवसभर धडधडत असायचे. त्यांना गप्प करणं आप्पांच्या हातात नव्हतं, म्हणून ते आम्हाला गप्प करायचे. आप्पा म्हणजे माझे वडील. पेणच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि गावातल्या एका साप्ताहिकात टीव्हीवरच्या मालिकांचं परीक्षण लिहायचे. शाळेत त्यांना मुलं घाबरायची, आणि साप्ताहिकामुळे गाव घाबरायचं. निदान त्यांना तसं वाटायचं.

आप्पा तारे देत नसत, आणे देत. जुन्या रुपयाचे जसे सोळा आणे, तसे मालिकेचेही सोळा. भाडेकरूंच्या एका विनोदी मालिकेला त्यांनी अकरा दिले होते. पोलिसांच्या मालिकेला नऊ, कारण त्यातला इन्स्पेक्टर नदीत उडी मारून वर आला तरी त्याचा भांग मोडत नसे. पौराणिक मालिकेला चौदाच्या खाली उतरायची त्यांची हिंमत व्हायची नाही. देवाला कमी आणे देऊन गावात राहायचं कसं? दोन सख्ख्या बहिणी एकाच मुलासाठी झुरतात अशी एक मालिका होती, तिला पाच आणे आणि वर शेरा, की या दोघींना आधी काहीतरी कामधंदा लावून द्यावा. यावर गणपतीच्या कारखान्यांतली पोरं मूर्ती घासता घासता आठवडाभर हसली होती. सोळा आणे मात्र त्यांनी जन्मात कुणाला दिले नाहीत. 'पटत नाही' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नटी रडली की म्हणायचे, पटत नाही. नट मेला की म्हणायचे, पटत नाही. आईनं एकदा वालाचं बिरडं जरा अगोड केलं तर त्यालाही तेच म्हणाले, आणि आईनं ताट उचलून आत नेलं. नावं मी मुद्दाम देत नाही. त्या मालिकांतली बरीच मंडळी अजून कामं करतात, आता आजोबा-आजी होऊन.

माझी मोठी बहीण शुभाताई. तिला अष्टमी गावात दिलं होतं. रोह्याहून कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की अष्टमी. तिच्या सासरचं रंगाचं आणि पायपांचं दुकान, दुकानाच्या मागे घर, वर माडी. स्थळ आप्पांनीच शोधलेलं. 'घर बघून दिलंय' असं ते चारचौघांत सांगायचे. लग्नाला वर्ष झालं, दुसरं झालं, पाळणा हलला नाही. मग ताईचं माहेरी येणं हळूहळू आटलं. दिवाळीला आली नाही, सासूबाईंचे गुडघे दुखतायत म्हणे. पेणसारख्या गावात, जिथं जगभरचे गणपती तयार होतात, तिथं घरच्या गणपतीलाही ती आली नाही. दुकानात सीझन आहे म्हणे. गणपतीत रंग विकला जातो हे खरं, पण तो काय ही विकणार होती? फोन केला तर तो पुढच्या खोलीत, सासूबाईंच्या खुर्चीशेजारी. 'बरी आहे', 'सगळे बरे आहेत', 'ठेवते' एवढ्यात संभाषण संपायचं. आई फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या फोनकडे बघत बसायची. ताईला घरी आणावं, निदान चार दिवस, हे आईच्या मनात तेव्हापासून होतं. आप्पांचं म्हणणं, तिचा संसार आहे, आपण नाक खुपसू नये.

अशात भारनियमन आलं. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. दुपारी एकदा वीज जायची आणि संध्याकाळी नेमकी मालिकांच्या वेळेला. आई मेणबत्ती लावून तांदळाच्या भाकऱ्या थापायची, मी बारावीचं पुस्तक घेऊन पायरीवर बसायची, आणि आप्पा काळ्या पडद्यासमोर बसून महावितरणचा उद्धार करायचे. एका मोठ्या बंगल्यात लग्न होऊन गेलेल्या मुलीची नवी मालिका तेव्हाच सुरू झालेली. तिचं परीक्षण द्यायचं आप्पांनी संपादकांना कबूल केलेलं, आणि बघायची कशी? मग कुणाच्या तरी लक्षात आलं की रोह्याकडे वीज वेगळ्या वेळेला जाते. तिकडे संध्याकाळी असते. आप्पांनी स्वतः ताईच्या सासऱ्यांना फोन केला. 'तुमच्या सूनबाईंनी मालिका बघून फोनवर सांगितली तर माझं सदर चालेल, आणि तुमच्या घराचा उल्लेख करीन.' सासरे खूश. परीक्षणाच्या तळाशी 'अष्टमीच्या आमच्या घरच्या प्रतिनिधीच्या सहकार्याने' असं छापून येऊ लागलं, आणि त्या माणसानं ते कात्रण दुकानात रंगाच्या कार्डाशेजारी चिकटवलं. ज्या घरात सुनेला आईशी दोन शब्द धड बोलू देत नव्हते, त्या घरात आता ती रोज संध्याकाळी माहेरी फोन करू लागली. घ्या!

वीज नसली तरी फोन चालू असायचा. तो मी उचलायची, कारण आप्पांना ऐकताना लिहिता येत नसे. ताई सांगायची, मी एकेक वाक्य मोठ्यानं पुन्हा म्हणायची, आप्पा मेणबत्तीच्या उजेडात टिपून घ्यायचे. शेजारची कुंदावहिनीही यायची. तिचा नवरा डोलवीला कंत्राटावर शिफ्ट करायचा, तो येईपर्यंत तिला घरात एकटीला करमायचं नाही. काळोखात आम्ही चौघं त्या फोनभोवती बसलेलो, आणि ताईचा आवाज माझ्या तोंडून घरात फिरतोय. ते दिवस मला आवडायचे हे कबूल करते. ताई सापडली होती ना परत! पहिले काही भाग तिनं अगदी झकास सांगितले, बंगला केवढा, झुंबर कसं, सासूच्या पैठणीचे काठ कोणते. आप्पांनी पहिल्या परीक्षणात सात आणे दिले. म्हणाले, मांडणी नेहमीची आहे, पण बघू.

मग मालिका बदलली. ताई सांगू लागली की बंगल्यातली माणसं नायिकेशी बोलत नाहीत. कुणी ओरडत नाही, भांडत नाही, नुसतं बोलत नाहीत. ती खोलीत आली की गप्पा थांबतात. तिचं ताट वाढून जिन्याच्या पायरीवर झाकून ठेवतात, तिनं ते वर नेऊन एकटीनं जेवायचं. नवरा दुकानातच, म्हणजे ऑफिसातच झोपतो. नायिकेचे वडील मोठे नामांकित वकील आहेत, पण त्यांना यातलं काही ठाऊक नाही. मी हे म्हणून दाखवत होते आणि आप्पा लिहिता लिहिता मान हलवत होते. 'इतका हुशार वकील आणि मुलीचं कळत नाही? पटत नाही.' पलीकडे सासूबाई शेजारीच बसलेल्या असणार, कारण मला फोनमधून त्यांचा आवाज आला. त्या ताईला म्हणत होत्या, 'काय बाई एकेक घरं दाखवतात! देवाला तरी घाबरावं माणसानं.' माणसाला आपला फोटो ओळखता येतो, आपली गोष्ट ओळखता येत नाही.

एका संध्याकाळी ताईनं सांगितलं, आज मालिकेत बारसं होतं. नणंदेच्या मुलाचं. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि नायिकेला माडीवर ठेवून बाहेरून कडी लावली. मूल नसलेल्या बाईचा पाय पाळण्याजवळ नको म्हणून. नायिकेची आई आणि बहीण बारशाला आल्या होत्या, त्यांना सांगितलं की तिला ताप आहे, नुकती झोपलीय, उठवू नका. त्या दोघी खाली बसून सुंठवडा खाऊन परत गेल्या. नायिका खिडकीतून त्यांना पुलावरून जाताना बघत होती. नवऱ्यानं काल हात उचलला होता, गालावर वळ होता, म्हणून ती हाक मारू शकली नाही. हे म्हणता म्हणता मी वळून आईकडे बघितलं. कारण त्याच महिन्यात ताईच्या नणंदेच्या मुलाचं बारसं झालं होतं. आई आणि मी गेलो होतो. आम्हाला सांगितलं होतं, शुभाला ताप आहे, नुकती झोपलीय. आम्ही सुंठवडा खाऊन पुलावरून चालत एसटी स्टँडवर आलो होतो. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिच्या हातातून पोळपाट खाली पडला. आप्पा म्हणाले, 'जरा हळू!'

फोनवर मी एवढंच विचारलं, 'ताई, हे खरंच मालिकेत झालं?' सासूबाई शेजारी होत्या, ती बोलणार काय? मग म्हणाली, 'तू आप्पांना सगळं सांग. म्हणावं, नीट विचार करून लिहा. मी अंकाची वाट बघते.' आणि फोन ठेवला.

मी आप्पांना सांगितलं. आडून नाही, सरळ सांगितलं, की ही मालिका नाही, ही ताई आहे. आई म्हणाली, उद्याच्या उद्या जा आणि तिला घेऊन या. आईनं आयुष्यात आप्पांना जी काही आज्ञा केली असेल ती ही एवढीच. आप्पांनी पेनाला टोपण लावलं, आम्हा दोघींकडे बघितलं, आणि वर्गात ढ मुलांना समजावतात तसं समजावायला लागले. मालिका म्हटली की बारसं आलंच. ताप आलाच. पूल कुठल्या गावात नसतो? 'एका मालिकेच्या गोष्टीवरून मी जावयाच्या दारात जाऊन भांडू? लोक शेण घालतील तोंडात. आणि शुभाला काही सांगायचं असतं तर तिनं सरळ सांगितलं असतं, माझी मुलगी आहे ती.' सरळ कशी सांगेल, आप्पा, फोन सासूच्या मांडीवर आहे! मी ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी मला अभ्यासाला बसायला सांगितलं. आई आत गेली आणि थंड पडलेल्या तव्यावर भाकरी टाकून बसली. कुंदावहिनी भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. जाताना तिनं पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, 'मास्तर, मना तं ती पोर खरी वाटली. अशी घरा हायत.' शेजारणींशी आप्पा वाङ्मयाबद्दल बोलत नसत.

आता या वयात मला त्यांचा राग येतो तशी कीवही येते, पण राग जास्त. ते दुष्ट नव्हते. शुभावर त्यांचा जीव होता. तिच्या लग्नात तिला टीव्ही त्यांनीच दिला होता, हौसेनं, मुंबईहून आणून. माडीवरच्या खोलीत त्याच टीव्हीसमोर एकटी बसून ती जे बघत नव्हती, ते खाली येऊन फोनवर आम्हाला सांगत होती. पण इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दुःखाला आणे देता देता त्यांची सवयच झाली होती, समोर काही आलं की आधी त्यात खोट कुठं आहे ते बघायचं. खोट सापडली की ते निवांत व्हायचे. आणि ताईचं खरं निघालं तर घर कुणी बघून दिलं होतं? त्या प्रश्नापेक्षा दोन आणे देणं सोपं होतं.

दोन आणेच दिले त्यांनी. अंक शुक्रवारी यायचा. मला ते परीक्षण अजून पाठ आहे, इच्छा नसताना. लिहिलं होतं की कथानक भडक आहे. अशी सासरं आता राहिलेली नाहीत. आणि असलीच तर आजची शिकलेली मुलगी तिथं एक दिवस राहणार नाही, उठून चालू लागेल. ती तसं करत नाही याचाच अर्थ लेखिकेला केवळ प्रेक्षकांचे अश्रू हवे आहेत. वडिलांचं पात्र निव्वळ कागदी. असा बाप असूच शकत नाही. गावात त्या परीक्षणाची वाहवा झाली. हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. न्हाव्याकडे दाढीला गेले तर तोही म्हणाला, बरी खरडपट्टी काढलीत सर. आप्पांनी लिहिलेली मालिका टीव्हीवर नाहीच आहे हे पेणमध्ये कुणी बोललं नाही, कारण पेणमध्ये त्या वेळेला वीजच नसायची. इन्व्हर्टरवाले होते, त्यांना असल्या मालिकांत रस नव्हता.

त्यानंतरच्या फोनची मी जीव मुठीत धरून वाट बघितली. आला, नेहमीच्या वेळेला. ताईचा आवाज मोकळा होता, इतका मोकळा की मला ती दुसरीच कुणी वाटली. म्हणाली, 'आप्पांना सांग, वाचलं. मामंजींनी दुकानात मोठ्यानं वाचलं, सगळ्यांना आवडलं. त्यांचं बरोबर आहे. आता मालिका सुधारलीय.' आणि खरंच सुधारली. त्या संध्याकाळपासून ताईनं जे सांगितलं त्यात सासूनं नायिकेला जवळ घेतलं, नवऱ्यानं महाबळेश्वरची तिकिटं काढली, माडीची कडी कुणीतरी उपटून टाकली. सणाला नायिकेला हिरवी साडी मिळाली. सगळे एका पंगतीत जेवू लागले. मी एकेक वाक्य म्हणायची, आप्पा टिपून घ्यायचे. आई तर आता फोन आला की मागच्या दारी जाऊन बसायची, पापड वाळत घातलेल्या खाटेपाशी, आणि उगाचच पापड उलटे करायची. ताईला घेऊन या, हे तिनं पुन्हा म्हटलं नाही. मी दोनदा म्हटलं. आप्पा म्हणाले, ऐकतेस ना तू स्वतः, किती आनंदानं बोलते ती! पुढच्या आढाव्यात त्यांनी बारा आणे दिले. लिहिलं की या सदरातल्या टीकेची निर्मात्यांनी दखल घेतलेली दिसते.

हसू नका. मीसुद्धा हसले नाही.

पावसाळा संपता संपता भारनियमनाचं वेळापत्रक बदललं. संध्याकाळी वीज राहू लागली. आप्पांनी टीव्ही पुसून घेतला, खुर्ची जागेवर ओढली, आणि किती तरी महिन्यांनी आम्ही ती मालिका डोळ्यांनी बघितली. बंगला होता. झुंबर होतं. सासू पैठणी नेसलेली होती. पण नायिकेनं मसाल्याचा कारखाना काढलेला होता आणि ती काचेच्या केबिनमध्ये बसून कामगारांना बोनस वाटत होती. सासू तिची भागीदार. वडील वकील नव्हतेच, सुरुवातीलाच वारलेले, भिंतीवर हार घातलेला फोटो. मागच्या भागांत काय झालं ते सुरुवातीला थोडक्यात दाखवतात, त्यात ना माडी, ना कडी, ना बारसं. आप्पा पूर्ण भाग बघत राहिले. जाहिरातीही बघितल्या. मग त्यांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, 'मंजू, उद्या कॉलेजला जाऊ नकोस.'

सकाळच्या एसटीनं आम्ही रोह्याला गेलो. आई आली नाही. तिनं पहाटे उठून सुक्या कोलंबीची, सोड्यांची खिचडी केली होती, ताईला आवडते म्हणून, आणि डबा न देता म्हणाली की दुपारी सगळे घरीच जेवाल. वाटेत मला वाटत होतं, आता फटाके वाजणार. आप्पा सासऱ्याची गचांडी धरणार, ताईचा हात धरून तिला बाहेर काढणार. झालं काय, तर चहा आला, चिवडा आला, सासरे म्हणाले, सर, तुमचं सदर म्हणजे काय, वा! सासूबाईंनी आईच्या तब्येतीची चौकशी केली. जावईबापू गिऱ्हाइकाला पायपाचे तुकडे कापून देत होते, तिथूनच त्यांनी नमस्कार केला. आप्पा चिवडा खात बसले. शेवटी घसा साफ करून म्हणाले की शुभाला चार दिवस नेईन म्हणतो. सासूबाई म्हणाल्या, 'न्या की. आम्ही काय बांधून ठेवलंय?'

ताई आतून आली. बारीक झाली होती. पण व्यवस्थित होती, कुंकू, बांगड्या, सगळं जागच्या जागी. म्हणाली, 'नको आप्पा, आत्ता नाही जमणार. पुलापर्यंत सोडायला येते.' कुणी हरकत घेतली नाही. ती चटकन चपला घालून निघाली.

पुलावर वारा होता. ऊन चटका देत होतं आणि खाली पाणी मातकट. मध्यावर आल्यावर आप्पा थांबले. वर्गात तास-तास बोलणारा माणूस! शेवटी एवढंच म्हणाले, 'मला कळलं नाही, शुभा. आता चल. सामान राहू दे, तशीच चल.' मी तिचा दंड धरला होता. ताईनं माझा हात सोडवला नाही, पण ती हललीही नाही.

'तेव्हा मी बॅग भरून ठेवली होती,' ती म्हणाली. 'शुक्रवारी अंक येतो ना. मला वाटलं, अंक यायच्या आधी तुम्हीच याल. तुम्ही नाही आलात, अंक आला. मामंजी खाली वाचत होते, मी माडीवरून ऐकलं. मग बॅग रिकामी केली.'

आप्पा म्हणाले, झालं ते झालं, आता चल.

'येऊन काय करू, आप्पा? तिथं रोज तुम्ही मला विचारणार, असं कसं झालं, तसं का झालं. मी सांगणार. तुम्ही म्हणणार, पटत नाही. इथं निदान मला कुणी काही विचारत नाही.' ती रडत नव्हती. उलट तिनंच माझा पदर सारखा केला, मी त्या दिवशी मोठेपणानं साडी नेसले होते, आणि म्हणाली की आईला सांग, खिचडी खाल्ली म्हणून. मी तिला खिचडीचं बोललेच नव्हते. मग म्हणाली, भात टाकायचाय, आणि वळून परत गेली. मी हाक मारली, दोनदा. आप्पांनी मारली नाही. ती पुलाच्या टोकाला जाईपर्यंत आम्ही उभे होतो, एक टेम्पोवाला हॉर्न मारून मारून शिव्या देऊन गेला.

ताई आजही अष्टमीतच आहे. सासू गेली, सासरे गेले, नवरा आता दुकानात बसून नुसता खोकतो, दुकान चालत नाही. मूल झालं नाही. आता फोन तिच्या स्वतःच्या हातात असतो, मोबाइल, कधीही करता येतो. मी रोज करते. भाजी काय केली, गुडघे कसे आहेत, पाणी आलं का. त्यापलीकडचं ती मला सांगत नाही आणि मी काय तोंडानं विचारू? आप्पांनी पुढे बरीच वर्षं सदर लिहिलं. ती मालिका मात्र पुन्हा त्यात आली नाही. आई त्यांच्याआधी गेली, ताईला घरी न बघताच. हल्ली मी फोनवर मालिका बघते, खाली लोक तारे देतात, बोटानं टकटक करत, एक, दोन, पाच. मी देत नाही. मला कुणी विचारलं, कशी आहे ही मालिका, तर मी सांगते, बघा बाबा तुमची तुम्ही.

त्या दिवशी परतीच्या एसटीत आप्पा खिडकीशी बसले होते. कापडी पिशवी त्यांच्या मांडीवर, रिकामीच, निघताना आईनं ताईच्या साड्यांसाठी दिलेली. रोहा मागे पडलं. भाताची शेतं पिवळी व्हायला लागली होती, माणसं बांधावर बसून भाकरी खात होती. नागोठण्याच्या अलीकडे कुठंतरी आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, 'मंजू, तिनं थोडं वाढवून सांगितलं असेल का गं?'

मी म्हटलं, 'नाही आप्पा. कमी करून सांगितलं.'

नागोठण्याला गाडी थांबली, दोन बायका माशांच्या पाट्या घेऊन चढल्या, कंडक्टरशी त्यांची हुज्जत झाली, गाडी सुटली. मला वाटलं, संपलं, आता ते काही बोलणार नाहीत. वडखळचा फाटा आला तेव्हा त्यांनी ती रिकामी पिशवी नीट घडी करून खिशात घातली.

'तरी पण,' आप्पा म्हणाले.